लंब रेषेवरचा अज्ञात निर्देशक: माझं उत्तर −७, उत्तरसूचीत ५

कृष्णाकाठ११ (सांगली)
अकरावी सायन्स, सरळ रेषेचा धडा. अ(३, −२) आणि ब(७, ४) यांतून जाणारी रेषा क(−१, ५) आणि ड(क्ष, १) यांतून जाणाऱ्या रेषेला लंब आहे, तर क्ष काढा. अब चा चढ (य-फरक भागिले क्ष-फरक) ३/२ येतो, तिथपर्यंत जुळतंय. पुढे तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा क्ष = −७. उत्तरसूचीत ५ आहे.

दुसरं गणित: प(१, २), फ(८, य), र(९, ८) आणि फ पाशी काटकोन. इथे य च्या दोन किमती येतात, ९ आणि १. यातली कुठली टाकून द्यायची?

भूमिती_मिरज
आधी −७ परत घालून बघ. कड चा चढ = (१ − ५)/(−७ + १) = −४/−६ = २/३. आता ३/२ × २/३ = +१. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, तो आपल्याला हवा होता. म्हणजे आकडेमोड ठीक आहे, चिन्ह एकदा हुकलंय.

ते हुकायच्या जागा दोन. एक, वजाबाकीचा क्रम. वर ड मधून क वजा केलास (१ − ५), तर खालीही ड मधूनच क वजा व्हायला पाहिजे: क्ष − (−१) = क्ष + १. खाली −१ − क्ष लिहिलंस की चढ ४/(क्ष + १) होतो, आणि तो −२/३ बरोबर मांडला की −७ येतं. दुसरी जागा, ३/२ उलटा करताना उणे चिन्ह विसरणं. मग −४/(क्ष + १) = २/३, पुन्हा −७.

गंमत नाही, यात खरा धोका आहे: दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या तर ४/(क्ष + १) = २/३ होतं आणि क्ष = ५ येतं! उत्तर बरोबर, मांडणी चुकीची. म्हणून नुसतं उत्तर जुळवू नको. तुझ्या पायऱ्या इथे टाक.

कृष्णाकाठ११
पहिलीच चूक आहे सर. खाली −१ − क्ष लिहिलं होतं.

भूमिती_मिरज
मग बिंदूंखाली आधी बाण काढायची सवय लाव: क → ड. बाणाच्या टोकाचा निर्देशक नेहमी आधी, वर आणि खाली दोन्हीकडे. −४/(क्ष + १) = −२/३, म्हणून ३ × ४ = २(क्ष + १), क्ष + १ = ६, क्ष = ५. सीईटीत असा प्रश्न आला तर पर्यायांत −७ दिसण्याची बरीच शक्यता धर. गुणाकार −१ येतो का हे बघायला दहा सेकंद लागतात.

लंबपाद
दुसऱ्या गणितातलं काहीच टाकायचं नाही, दोन्ही किमती बरोबर आहेत. (य − २)/७ × (८ − य)/१ = −१, त्यावरून य² − १०य + ९ = ०. य = ९ घेतलं तर चढ १ आणि −१, य = १ घेतलं तर −१/७ आणि ७.

दोन का येतात ते आकृतीत बघ. पर हा व्यास धरून वर्तुळ काढ: केंद्र (५, ५), त्रिज्या ५. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून फ या वर्तुळावरच असणार. क्ष = ८ ही उभी रेषा वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते. फ चा क्ष-निर्देशक १० असता तर रेषा नुसती स्पर्श करते, य = ५ हे एकच उत्तर. ११ असता तर उत्तरच नाही, विवेचक (वर्गसमीकरणातला b² − 4ac) ऋण येतो.

टाकून द्यायची वेळ फ चा क्ष-निर्देशक ९ असता तर येते. तिथे य = २ आणि य = ८ मिळतात, पण (९, ८) म्हणजे स्वतः र. तिथे कोनच होत नाही, ८ बाद. शिवाय (९, २) साठी फर उभी रेषा होते, तिला चढ नाही, म्हणून −१ चा नियम तिथे लागूच पडत नाही.

गुण्या_ओळंबा (सातारा)
याच अडचणीमुळे प्लॉटच्या आखणीच्या कामात चढ न काढलेला बरा. नुसते फरक घ्या: (क्ष-फरकांचा गुणाकार) + (य-फरकांचा गुणाकार) = ०. पहिल्या गणितात ४(क्ष + १) + ६(−४) = ०, क्ष = ५. भागाकारच नाही, त्यामुळे उभी रेषाही अडत नाही.

टोटल स्टेशनच्या (मोजणीत कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) रीडिंगवर हे जास्त जाणवतं. हद्द जवळपास उत्तर-दक्षिण असेल, ८ मीटरला पूर्वेकडे फक्त २ सेंटिमीटर, तर चढ ४००. रीडिंग ५ मिलिमीटरने हललं की ३२०. कोन मात्र अर्ध्या अंशाच्या दहाव्या भागाइतकाही फिरलेला नसतो.

प्लॉटचा कोपरा काढायची रीत: अ(१००, २००), ब(११२, २०९). फरक १२ आणि ९, लांबी १५ मीटर. अ पाशी १० मीटर काटकोनात जायचंय. फरकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदला: −९ आणि १२. १० ने गुणा, १५ ने भागा: −६ आणि ८. कोपरा (९४, २०८). दुसरं चिन्ह बदललं तर (१०६, १९२), म्हणजे रेषेच्या पलीकडे. रस्ता कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवा. निर्देशकांच्या यादीत उत्तर दिशेचा आकडा आधी की पूर्वेचा हेही बघून घ्या. दोन्ही उलटे वाचले तरी काटकोनाची तपासणी पास होते, फक्त कोपरा शेजारच्या प्लॉटमध्ये जातो.

आमच्या साताऱ्यातल्या गोडोलीसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या भागात टेप जमिनीलगत ओढू नका. निर्देशक आडव्या अंतराचे असतात. दहाला एक चढावर १५ मीटर टेप सरळ जमिनीवर धरली तर आडवं अंतर साधारण साडेसात सेंटिमीटर कमी भरतं. टेप आडवी धरा, खालच्या टोकाला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा.

भूमिती_मिरज
कृष्णाकाठ, आलेख काढून तपासणार असशील तर दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच घे. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकक घेतलंस तर बरोबर उत्तराच्या रेषाही गुण्यात (काटकोनात) दिसणार नाहीत, आणि तू पुन्हा −७ कडे वळशील.