सकाळची पिवळी उलटी आणि रात्रीचा घास
कुत्र्याला दिवसातून एकदाच खायला घाला, पोटाला आराम मिळतो, असं काही जण सांगतात; धिप्पाड कुत्र्याला ते एक वेळ चालेल. चार-पाच किलोच्या पॉम (पॉमेरेनियन), शित्झू अशा छोट्या जातींना ते मानवत नाही. ज्यांच्या कुत्र्याला सकाळी पिवळ्या फेसाची उलटी होते, त्यांनी आधी रात्रीचं खाणं किती वाजता होतं ते बघा. पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतड्यातलं पित्त उलटं जठरात येतं आणि अस्तराला झोंबतं. आमच्या कोथरूडच्या घरी पॉमला हाच त्रास होता. पहाटे ओठ चाटत, लाळ गिळत फिरायची. संध्याकाळच्या वाटीतला थोडा मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन बाजूला काढून झोपायच्या आधी द्यायला लागलो आणि ते थांबलं. खाणं वाढवायचं नाही, फक्त विभागायचं.

उलटीत रक्त दिसलं, पाणीही टिकत नसेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. पिल्लू असेल तर अजिबात थांबू नका, उपाशीपोटी त्यांची साखर झपाट्याने उतरते. आणि हो, गणपतीत खिरापतीतले बेदाणे खाली सांडले तर आधी उचला, त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.