ग्रीक देवांची वंशावळ कशी मांडायची? झ्यूस परत परत येतोय

गंगापूररोडकर
लेक आठवीत आहे, तिला ग्रीक देवांची वंशावळ करायचीय. कार्डशीटवर झ्यूस सगळ्यात वर लिहिला, झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांचा मुलगा अ‍ॅरेस, अ‍ॅरेस आणि अ‍ॅफ्रोडायटीची मुलगी हार्मोनिया, तिचं लग्न थीब्जच्या कॅडमसशी, त्यांची मुलगी सेमेली, आणि सेमेलीला झ्यूसपासून डायोनायसस झाला!! म्हणजे सेमेली झ्यूसची पणतीच ना? लेक म्हणाली आई असं कसं, मला उत्तरच देता येईना. शनिवारी द्यायचंय, प्लीज सांगा.

पंचवटीतला
ताई, पणतीच. आणि ती एकटी नाही, अर्गोसच्या डॅनाईकडे झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन गेला, त्यातून पर्सियस, त्याचा मुलगा इलेक्ट्रिऑन, त्याची मुलगी अल्कमीनी, आणि तिच्या पोटी परत झ्यूसचाच हेराक्लीस, आपण हर्क्युलिस म्हणतो तो. देव म्हातारे होत नाहीत, माणसांच्या पिढ्या सरत जातात. शिवाय तिकडे राजघराण्यांना मूळपुरुष म्हणून देवच हवा असायचा, क्रीटचा मिनोस झ्यूस आणि युरोपाचा मुलगा, मॅसेडोनियाचे राजे (अलेक्झांडर त्यांच्यातलाच) हेराक्लीसचे वंशज म्हणवून घ्यायचे. गावोगावच्या कथा एकत्र गुंफल्या की बाप एकच राहतो आणि आया वाढत जातात. एकच झाड काढू नका, थीब्जचं वेगळं आणि अर्गोसचं वेगळं काढा, लगेच सुटसुटीत होईल.

त्र्यंबकचा
अल्कमीनीचं नाव निघालंय म्हणून लिहितो. झ्यूस तिच्याकडे तिच्या नवऱ्याचं, अँफिट्रिऑनचं रूप घेऊन आला. आपल्या ब्रह्मगिरीवरच्या गौतम ऋषींची अहल्या आठवा, इंद्राने तेच केलं आणि शिळा कोण झाली तर अहल्या. अल्कमीनीला जुळे झाले, हेराक्लीस देवाचा आणि इफिक्लीस नवऱ्याचा, पण हेराने तिचं बाळंतपण अडवून धरलं. सेमेलीला तर हेरानेच भरीस घातलं की झ्यूसला खऱ्या रूपात ये म्हण, तो विजेसकट आला आणि ती जळून गेली, पोटातलं बाळ झ्यूसने स्वतःच्या मांडीत शिवून वाढवलं. ह्याला सरसकट प्रेमप्रकरणं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, फसवली गेली बाई आणि भोगलं पण तिनेच. आठवीतल्या मुलीला हे नीट कळतं, लपवू नका.

पाथर्डीफाटा
रविवारी लेकीला पांडवलेणीला न्या. १७ नंबरच्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचा, म्हणजे यवनाचा दानलेख आहे. ग्रीकांना आपल्याकडे यवनच म्हणायचे, तिला आवडेल.

गंगापूररोडकर
खूप आभार सगळ्यांचे, दोन झाडं काढायला घेतली पण. लेक विचारतेय, कर्णासारखं पर्सियसला पण पेटीत घालून सोडलं होतं ना?

पंचवटीतला
हो, पण आईसकट. डॅनाईच्या बापाला, अक्रिसियसला, नातवाच्या हातून मरशील असं भाकीत होतं, त्याने मायलेकांना पेटीत घालून समुद्रात सोडलं. पेटी सेरिफॉस बेटाला लागली, दोघं वाचले.