तत्त्वज्ञान मेलं म्हणता, मग बेलचं काय?

अनवट
'पदार्थपंडित' यांनी काल लिहिलं, की भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगने २०१० मध्येच 'द ग्रँड डिझाइन' या पुस्तकात तत्त्वज्ञान मेल्याचं जाहीर केलंय, तेव्हा विज्ञानाशी त्याची पुन्हा सांगड घालणं म्हणजे वेळेची नासाडी. अहो, हॉकिंगने त्याच पुस्तकात 'मॉडेल-डिपेंडंट रिअ‍ॅलिझम' मांडलाय. म्हणजे वास्तव आपल्याला आपण वापरतो त्या मॉडेलमधूनच कळतं. ते तत्त्वज्ञान नाही तर काय? अणू-कणांचं वागणं सांगणारा क्वांटम सिद्धांत वास्तवाचं पूर्ण वर्णन करतो का, हे आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ सालीच विचारलं होतं. 'ही फिलॉसॉफी झाली' म्हणून बहुतेकांनी ते बाजूला टाकलं. १९६४ मध्ये जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातूनच मोजता येईल अशी असमानता काढली: कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि दूरचा तत्काळ परिणाम होत नसेल, तर दूरच्या दोन कणांच्या मोजमापांतला मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. क्लाउझर आणि फ्रीडमनने १९७२ मध्ये बर्कलेत कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोड्यांवर ती तपासली, आणि ती मोडली. क्लाउझरला नोबेल मिळालं २०२२ मध्ये! हा उशीर कुणामुळे?

पदार्थपंडित
बेल सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी संशोधन केंद्रातला भौतिकीवाला. असमानता त्याने काढली, तत्त्वज्ञान विभागाने नाही. आणि हे दार उघडलं की 'क्वांटम आमच्या वेदांतात होतंच' म्हणणारे आत घुसतात. त्यांना कोण आवरणार?

सांजवात
त्यांना आवरायलाच तत्त्वज्ञान लागतं. पुरावा कशाला म्हणायचं, हे प्रॅक्टिकलच्या जर्नलात कुठे असतं? एमएस्सीला असताना मी विचारलं होतं, मोजमाप करताना वेव्ह फंक्शन कोलॅप्स होतं, म्हणजे कणाच्या अनेक शक्यतांतून एकच उरते, तेव्हा नेमकं काय होतं? सर फळा पुसता पुसता म्हणाले, "पेपरला येत नाही." वर्गात पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

पदार्थपंडित
सरांना सिलॅबस संपवायचा असतो. तुमच्या एका वर्गावरून सगळ्या विज्ञानाला धारेवर धरू नका.

रानजाई
बारावी सायन्सला चांगले मार्क असून मी फिलॉसॉफी घेतली, तर मामा आईला म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलंय." अकरावीच्या फॉर्मवरच आपण मुलांचे दोन तुकडे करतो.

पदार्थपंडित
मामांना तुमच्या पोटापाण्याची काळजी होती. बीए करून नोकऱ्या कुठे आहेत?

रानजाई
माझ्या पोटापाण्याचं मी बघते. तुम्ही मुद्द्यावर बोला.

अनवट
दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये एल्फिन्स्टनला गणिताबरोबर नॅचरल फिलॉसॉफीचे प्राध्यापक झाले. मुंबईत हे नातं तेव्हा कुणाला खटकलं नाही.

पदार्थपंडित
तेव्हा फिजिक्सलाच ते नाव होतं, उगाच ताणू नका. बेलचं मात्र मान्य, तो प्रश्न तत्त्वज्ञानातूनच आला. ठेवा बीएस्सीला एक पेपर. पण शिकवायला भौतिकीवालाच हवा आणि असमानता कागदावर काढून दाखवायची.

सांजवात
जरूर काढू. शेवटी एवढंच विचारा: प्रयोगात असमानता मोडली, तेव्हा आपलं कोणतं गृहीतक सोडायचं? मोजण्याआधीच गुणधर्म ठरलेले असतात हे, की दूरच्या घटनेचा इथे तत्काळ परिणाम होत नाही हे? नुसत्या गणिताने याचा निवाडा करून दाखवा.