डिक्रीचे पैसे भरले, तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’. काढायचं कसं?

सराफाकर: मंडळी, पर्सनल लोन थकलं म्हणून बँकेने इंदूर जिल्हा न्यायालयात दावा लावला, डिक्री (पैसे भरण्याचा कोर्टाचा हुकूम) झाली. मागच्या वर्षी व्याज-खर्चासकट पूर्ण रक्कम डीडीने थेट बँकेत भरली, नो ड्यूजही मिळालं. तरी सिबिलच्या (कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टात ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) हा शेरा आणि थकबाकी आहेच. निकालाची नक्कल सिबिलला पाठवली तर निघेल का? घराचं कर्ज अडलंय.

खातेवही: नुसत्या नकलेने नाही निघणार. तो शेरा कोर्टाचा नाही, बँकेने पाठवलेल्या डेटातला आहे. तिने दुरुस्ती कळवल्याशिवाय सिबिल तो खोडत नाही.

शाखेत तोंडी सांगू नका, लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. खाते क्रमांक, दाव्याचा सीएनआर (कोर्टाचा केस क्रमांक), डीडीचा क्रमांक-तारीख आणि नो ड्यूज जोडा. काय बदलायचं ते रकाना धरून लिहा: करंट बॅलन्स शून्य, ओव्हरड्यू शून्य, खातं बंद झाल्याची तारीख, आणि सूट फाइल्ड काढणे. हे सगळे वेगवेगळे रकाने आहेत. ‘सिबिल अपडेट करा’ एवढंच लिहिलंत तर बॅलन्स शून्य होऊन शेरा तसाच राहू शकतो.

त्याच दिवशी सिबिलच्या साइटवर डिस्प्यूटही (चुकीच्या नोंदीवर हरकत) टाका. तक्रार निकाली निघायला ३० दिवस. त्यातले बँकेला २१. पुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उत्तर नाहीच आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे जा.

सिबिलसारख्याच एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्राइफ हाय मार्क या कंपन्यांचे रिपोर्टही बघा. प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो.

काळाकोट: सिबिलपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. पैसे कोर्टाबाहेर भरलेत, मग डिक्री फिटल्याची नोंद कोर्टात झाली का? सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर २१ नियम २ प्रमाणे नोंद नसलेलं पेमेंट इजरा (डिक्रीची वसुली) चालवणारं कोर्ट धरत नाही, आणि इजरा १२ वर्षांपर्यंत लागू शकते. ऋणकोने, म्हणजे तुम्ही, स्वतः नोंद मागायची मुदत पेमेंटपासून ३० दिवस, ती तुमची गेली. पण डिक्रीदाराने, म्हणजे बँकेने, कोर्टाला कळवायला अशी मुदत नाही. तेव्हा बँकेच्या वकिलाकडूनच ‘पूर्ण वसूल’ असा अर्ज दाखल करवून घ्या आणि त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. बँकेकडे करायच्या तक्रारीला तीच जोडलीत तर ‘आमच्याकडे केस चालू दिसते’ हे उत्तर येणार नाही.

सराफाकर: हे कोणी सांगितलंच नव्हतं. उद्याच वकिलांना विचारतो. म्हणजे मग रिपोर्ट अगदी कोरा होईल ना?

खातेवही: कोरा नाही होणार, दादा. खातं राहणार, ३६ महिन्यांचा हप्त्यांचा इतिहासही दिसणार. बँकेने आधी राइट ऑफ केलं (बुडीत धरून हिशेबातून काढलं) असेल तर ‘पोस्ट राइट ऑफ क्लोज्ड’ येईल, आणि ते खरं असल्याने डिस्प्यूटने हलत नाही. मात्र ‘सेटल्ड’ दिसलं तर लगेच हरकत घ्या. तो शेरा कमी रकमेवर मिटवलेल्या खात्याला लागतो, तुम्ही तर पूर्ण भरलेत. ‘सगळं पुसून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

घराच्या कर्जाच्या फायलीत नो ड्यूज आणि कोर्टाची नक्कल आताच लावून ठेवा.