पाकिटे द्या, उपदेश नको: अतितीव्र कुपोषणावरील एका मताला उत्तर

मूळ मत: अतितीव्र कुपोषित बाळाच्या कुटुंबाला उपदेश करण्यात वेळ दवडू नये. उपचारात्मक आहाराची पाकिटे द्यावीत आणि वजन पाहावे; एवढे पुरे.

परिचारिका: हे वाचून राहवले नाही. पाकिटाने बाळ सावरते, हे मान्य. पण घरी गेल्यावर ते कोणाच्या पोटात जाते? एका आईने मला सांगितले की, धाकट्याला खाताना पाहून थोरला रडतो, म्हणून ती पाकीट दोघांत वाटते. ते औषध असून बाळाच्या वजनावरून त्याची मात्रा ठरते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मूळ लेखक: ते दोन मिनिटांत सांगून होते. ज्या घरात अन्नच अपुरे आहे, तिथे अन्नगटांचा तक्ता वाचून दाखवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

एक आई: ते मीठ मी सोसले आहे. माझ्या मुलीचा दंडघेर, म्हणजे दंडाच्या मध्यावरचा घेर, ११ सेंटिमीटर भरला, तेव्हा ‘तुमचे लक्ष नाही’ हे पहिले वाक्य कानावर आले. घरात पैसा कशावर खर्च व्हावा, हे मी ठरवत नाही. मग शिकवणी मला एकटीलाच का?

मूळ लेखक: वडिलांना बोलावले तर रोजगार बुडतो.

परिचारिका: आईचाही बुडतो! त्याचा हिशेब कोणीच धरत नाही. निर्णय घेणारी माणसे समोर नसतील, तर ते समुपदेशन अर्धेच राहते.

समुपदेशक: शिवाय दंडघेर १२.५ सेंटिमीटरवर स्थिरावला आणि सूज नसली की पाकिटे थांबतात. पुढे घरचेच अन्न असते. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिलिलिटरच मावते, त्यामुळे पातळ आहाराने पोट भरते, पण ऊर्जा मिळत नाही. आहार घट्ट करणे, त्यात चमचाभर तेल घालणे आणि दंडघेराची पट्टी घरच्यांच्या हाती देणे, म्हणजे ११.५च्या खालची, अर्थात पुन्हा अतितीव्र कुपोषणातली, घसरण त्यांनाच आधी दिसेल. समुपदेशन म्हणतात ते याला.

मूळ लेखक: पट्टीचे आणि तेलाचे मान्य करतो. तक्त्यांविषयीचे मत मात्र बदललेले नाही.

एक आई: तक्ता माझ्याही उपयोगी पडला नाही. एक ताई शेजारी बसल्या, मुलीने तोंड फिरवले तेव्हा माझा चमच्याचा हात धरून म्हणाल्या, ‘थांबा, तिला तुमच्याकडे पाहू द्या.’ त्या दिवशी तिने पहिल्यांदा वाटी संपवली.