परिसर चालण्याजोगा वाटतो का, हे मोजायचं कसं?

पायवाट: पुण्यात दोन वस्त्यांची तुलना करायची आहे, एक बंगल्यांची आणि एक दाट चाळींची. फुटपाथची लांबी-रुंदी नको, रहिवाशांचं मत हवंय. परिसर चालायला कसा वाटतो हे रहिवाशांना विचारणारी 'न्यूज' (Neighborhood Environment Walkability Scale) प्रश्नावली मराठीत आणतोय. शेवटी सगळ्या उत्तरांची एकच सरासरी काढली तर चालेल का?

मोजपट्टी: एकच सरासरी काढू नका. दुकानं जवळ असणं आणि रात्री भीती वाटणं एकमेकांत मिसळलं की दोन्ही दिसेनासे होतात. प्रत्येक विभागाची सरासरी वेगळी ठेवा. घरांच्या दाटीला तर सरासरीच नसते, तिथे वजनं लावून बेरीज करतात: स्वतंत्र घरांना १, तेरा मजल्यांपुढच्या इमारतींना ७५. अंतराच्या प्रश्नांत १ ते ५ मिनिटांना ५ गुण, ३० मिनिटांपुढे १, आणि 'माहीत नाही' लाही १. 'ट्रॅफिकमुळे चालणं नकोसं होतं' अशा उलट वाक्यांचे गुण (सहमत-असहमतचे, १ ते ४) पाचातून वजा करा. हे राहून गेलं तर सुरक्षिततेचा आकडा उलटाच येतो.

नाका: नुसतं भाषांतर पुरणार नाही. मूळ प्रश्नावली अमेरिकेतली, २००३ ची. तिचं भारतीय रूप चेन्नईत तपासलं गेलं, ते आधी वाचा. 'फुटपाथ आहे का' याला लोक हो म्हणतात आणि चालतात मात्र रस्त्यावरून. म्हणून दोन प्रश्न करा: फुटपाथ आहे का, आणि त्यावरून न उतरता चालता येतं का. अडथळे नावानिशी विचारा: लावलेल्या दुचाकी, हातगाड्या, उघडं चेंबर, भटकी कुत्री. 'दिवसा' आणि 'अंधार पडल्यावर' वेगळं विचारा, नाहीतर बायकांचं उत्तर हाती लागणार नाही. नकारार्थी वाक्यं टाळा. 'रस्ता ओलांडणं सोपं नाही' याला 'असहमत' म्हणताना माणूस हमखास गोंधळतो.

आणि 'परिसर' म्हणजे घरापासून १०-१५ मिनिटं पायी, हे सुरुवातीलाच वाचून दाखवा. नाहीतर कुणी गल्लीबद्दल बोलतं, कुणी अख्ख्या कोथरूडबद्दल.

पायवाट: किती वाजता जावं?

मोजपट्टी: फक्त सकाळी गेलात तर कामावर जाणारे सुटतात. काही फेऱ्या संध्याकाळी सातनंतर, काही रविवारी. दोन्ही वस्त्यांत एकाच ऋतूत जा. एकीकडे पावसाळा आणि दुसरीकडे थंडी आली तर तुलना वस्त्यांची राहत नाही. साधारण दोन आठवड्यांनी काही जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारा. ज्या प्रश्नाची उत्तरं फार हलतात, त्याची वाक्यरचना बदला.