मुदत दोघांनी मिळून ठरवावी
घर बायकोच्या पगारावर चालत असेल तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या नवऱ्याने आधी मिळेल ती नोकरी धरावी, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. खरी अडचण मुदत ठरलेली नसते ही आहे. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे असल्याने ‘अजून एक प्रयत्न’ सहज दहा वर्षे लांबतो. आमचेही घर माझ्या पगारावर चालायचे; अभ्यासिकेचे पैसे मागताना नवऱ्याची नजर खाली जायची आणि मी न बोलता नोटा ओट्यावर ठेवायचे. ते मौन भांडणापेक्षा जास्त बोचत असे. शेवटी दोन पूर्वपरीक्षांची मुदत आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवली, तेव्हा कुठे पैशांविषयी मोकळेपणाने बोलणे सुरू झाले.